होडी एकसष्ट, वल्ही बासष्ट

मुंडक्करी बेट
सोमवार, ११ जून १९७३

श्री. अविरा यांस,

ख्रिस्ताच्या नावे सलाम.

तुमच्या आणि माझ्या अंगणात साठ पावलांचं अंतर आहे. तुम्ही या क्षणी पडवीत बसून रहेलाम्माकडून पाय चोळून घेत आहात, हे मला इथून दिसतं. तरी हे पत्र मी टपालाने पाठवत आहे. खटला चालू असताना विरुद्ध बाजूशी तोंडी बोलणं म्हणजे तडजोड, आणि तडजोड म्हणजे हार, असं आमच्या वकिलांचं म्हणणं आहे. टपालाचा शिक्का बसला की बोलण्याचा पुरावा होतो. तुमच्या वकिलांनीही तुम्हाला हेच सांगितलं असल्याचं कळतं.

पत्र आजच्या टपाल लाँचने आलप्पुळला जाईल आणि बुधवारच्या लाँचने परत बेटावर येईल. तोवर मी समोर दिसलो, तर पत्राचं काही ठाऊक आहे असं दाखवू नये.

विषय शोशाम्मा. ती माझी सून आणि तुमची मुलगी. लग्न झालं तेव्हा आपले बिशप एक होते. आता दोन आहेत. आम्ही थोरल्यांचे, तुम्ही धाकट्यांचे. निवृत्त मुन्सफांनी चर्चच्या सामानाची यादी केली, विषम आकडे आम्हाला दिले, सम आकडे तुम्हाला. घंटा आमच्याकडे आली, तिचा दोर तुमच्याकडे गेला. धूपदाणी आमची, धूप तुमचा. होडी एकसष्ट, वल्ही बासष्ट. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी फटाके उडवले.

शोशाम्माचे पाय सुजले आहेत, रक्तदाब चढतो. पलीकडच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे, की घरी बाळंतपण करायचं नाही, जूनअखेर तिला इस्पितळात आणून ठेवा. हे त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं. तुमचा जावई कुरुविळा भिलाईला आहे, त्याला रजा नाही. घरच्या लहान होड्या या वाऱ्यात कायलचं पाणी ओलांडत नाहीत. धक्का पाण्याखाली गेल्यापासून प्रवासी बोट बंद आहे. टपालाची लाँच माणूस घेत नाही. राहिली चर्चची होडी.

तरी आठ वल्ही एका फेरीपुरती द्यावीत. ती मागितल्याने आमचा वल्ह्यांवरचा दावा आम्ही सोडला असा अर्थ होणार नाही.

आणखी एक. आमच्या फादरांनी मागच्या रविवारी तयारीवर प्रवचन दिलं. ख्रिस्ती माणसाने कोणत्याही क्षणी उठायला तयार असावं, असं ते म्हणाले. तेव्हापासून मी आणि आमचे सात जण सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत होडीत बसून असतो. तुम्ही ती न्यायला आलात तर आम्ही तयार आहोत. ही धमकी नाही, माहिती आहे.

आपला व्याही,
पुन्नूस


मुंडक्करी बेट
गुरुवार, १४ जून

पुन्नूसअच्चायन यांस,

ख्रिस्ताच्या नावे सलाम.

मी पाय चोळून घेत नव्हतो. पायाला जळू लागली होती, ती रहेलाम्मा काढत होती. पुराव्यात चूक नको.

आमच्या फादरांनीही त्याच रविवारी तयारीवरच प्रवचन दिलं. तुमची उपासना सहाला, आमची साडेआठला. कुणी कुणाचं चोरलं ते न्यायालय ठरवील. आमचेही आठ जण रोज उतारावर वल्ही खांद्यावर घेऊन उभे असतात, हे तुम्हाला होडीतून दिसत असेलच. त्यांत मीही आहे. वल्ही खाली ठेवायची नाहीत असा ठराव आहे. खाली ठेवली तर टाकून दिली असं म्हणता येतं.

आता शोशाचं. पहिलटकरणीला माहेरची माणसं येऊन घेऊन जातात. बिशप एक होते तेव्हाही असंच होतं. तेव्हा तिला नेण्याचा मान आमचा. रहेलाम्माने न्यायला येताना द्यायचे अवलोसचे लाडू तिसऱ्यांदा केले आहेत. आधीचे दोन्ही डबे वल्हेकऱ्यांनी उभ्या उभ्या संपवले. वल्ही आम्ही घेऊन येऊ. तुम्ही होडी रिकामी करून ठेवावी, म्हणजे झालं.

होडी रिकामी झाली तरी ती तुमचीच राहील, असं मी माझ्या बाजूने म्हणतो. आमची बाजू काय म्हणेल ते मला सांगता येत नाही.

तुमचा,
अविरा

ता.क. काल संध्याकाळी तुम्ही घंटेला हाताने ढकलून वाजवत होतात. पडाल.


मुंडक्करी बेट
मंगळवार, १९ जून

अविरा यांस,

सलाम.

होडी रिकामी करता येत नाही. बसलेला माणूस उठला की ताबा उठतो, हे वकिलांनी लिहून दिलं आहे. तुमची माणसं आमच्या माणसांशेजारी बसली तर ताबा सामाईक होतो, ते त्याहून वाईट. आम्ही वल्ही हातात घेतली तर तुम्ही चोरी म्हणाल, तुम्ही ती दिली तर तुमचेच लोक तुम्हाला चर्चमध्ये उभं करणार नाहीत. हे सगळं मी समजून घेतो.

म्हणून मी एक तोडगा काढला. पंपावरचा पाच्चू आपल्या कुठल्याच चर्चचा नाही. त्याने तुमच्या माणसांच्या हातून वल्ही घ्यावीत आणि होडीत ठेवावीत. म्हणजे तुम्ही दिली नाहीत, आम्ही घेतली नाहीत. मी त्याला विचारायला गेलो. तो इंजिनात तेल घालत होता.

"म्हणजे मी दहा पावलं चालायचं?" तो म्हणाला.

"आठ वेळा."

"आणि मग वल्ही मारायची कुणी?"

"तो मुद्दा पुढच्या पत्रात येईल."

त्याने तेलाचा डबा खाली ठेवला. म्हणाला, "अच्चायन, मी रोज शेतातलं पाणी कायलमध्ये टाकतो आणि दुसऱ्या दिवशी ते परत शेतात आलेलं असतं. मला वाटायचं या बेटावर माझंच काम सगळ्यांत बिनकामाचं."

त्याचा होकार समजावा की नकार, हे तुम्ही कळवावं.

शोशाम्मा ठीक आहे. आमची घरवाली अच्चाम्मा माझ्याशी चार दिवस बोललेली नाही, पण ते या पत्राचा भाग नाही.

पुन्नूस


पुन्नूसअच्चायनचं घर, मुंडक्करी
शुक्रवार, २२ जून

अप्पा,

तुम्ही माझ्याशी बोलत नाही, कारण मी आता त्या बाजूची. म्हणून मीही तिकीट लावून लिहिते आहे. मी खिडकीत आहे. तुम्ही उतारावर डावीकडून तिसरे. तुमच्या खांद्यावर फोड आला आहे. वल्हं दुसऱ्या खांद्यावर घ्या, त्याला ठराव लागत नसेल.

तुमची पत्रं आणि अप्पच्चनच्या पत्रांच्या नकला अम्मच्ची मला वाचून दाखवतात. इथे सासूबाईंना मी अम्मच्ची म्हणते आणि सासऱ्यांना अप्पच्चन, तुम्हाला माहीत आहे. त्या वाचताना मधेच थांबतात आणि अप्पच्चनच्या दिशेने नुसत्या बघतात. ते होडीत असतात, त्यांना दिसत नाही.

मला एक विचारायचं आहे. माझा ताबा कुणाकडे आहे?

टपालाच्या लाँचवाल्याला मी परवा स्वतः जाऊन विचारलं. त्याने नियमांचं पुस्तक काढून दाखवलं. जिवंत कोंबड्या चालतात, पायाला चिठ्ठी बांधून. माणूस चालत नाही. तुमची पत्रं आठवड्यातून तीनदा पाणी ओलांडतात. मी पत्र असते तर एव्हाना मला जाऊन येऊन कंटाळा आला असता. सकाळी मी अप्पच्चनना म्हटलं, "मला पाकिटात घालून पाठवा." ते म्हणाले, "वजन किती भरेल?" मग आपलंच बोलणं त्यांच्या कानावर पडलं असावं. चहा अर्धा टाकून ते होडीवर निघून गेले.

वाईट आहेत असं नाही. माझे पाय उशीवर ठेवून देतात, मग जातात.

डोकं दुखतं. कधी कधी डोळ्यांपुढे चमकतं, पाण्यावर ऊन पडावं तसं. हे आईला सांगू नका, ती साठ पावलं धावत येईल आणि तुमच्या बाजूचे लोक तिला बोलतील. पण तुम्ही काहीतरी करा. तुम्ही दोघं इतके तयार आहात, तर एकदा निघा तरी.

तुमची,
शोशा


मुंडक्करी बेट
मंगळवार, २६ जून

मोळे शोशा,

तुझं पत्र काल आलं. तुझं अक्षर अजून सुंदर आहे.

तू मला विरुद्ध बाजूची नाहीस. पण तुझ्याशी बोललो तर ते मी पुन्नूसच्या घराशी बोललो असं धरलं जातं, म्हणून आपण थोडे दिवस काढू. तुझ्या ताब्याबद्दल मी वकिलांना विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, हे सुचत नाही.

मी हातावर हात ठेवून बसलेलो नाही. रविवारी उपासनेनंतर सभा बोलावली. "एका फेरीपुरती वल्ही द्यावीत" असा ठराव मी स्वतः मांडला. एक्केचाळीस बाजूने, चाळीस विरुद्ध. सगळे टाळ्या वाजवणार, इतक्यात कुणीतरी दाखवून दिलं की हात वर करणाऱ्यांत आपल्या लाडवांच्या लोभाने आलेला थोरल्या बाजूचा एक म्हातारा होता. मग चाळीस-चाळीस झाले. फादर म्हणाले, पुढच्या रविवारी पुन्हा घेऊ. "द्यावीत" हा शब्दही काहींना खुपतो, तिथे "नेऊ द्यावीत" घालणार आहोत. म्हणजे १ जुलैला साडेदहा वाजता उपासना सुटेल, अकरापर्यंत ठराव होईल आणि सोमवारी वल्ही तुझ्या दारात. जूनअखेर म्हणाल्या होत्या डॉक्टरीणबाई, दोन दिवस इकडे तिकडे.

काल दुपारी तू खिडकीतून टॉवेल हलवलास. बरं वाटलं. माणूस आनंदात असल्याशिवाय असा टॉवेल हलवत नाही. मीही माझं वल्हं थोडं हलवलं, तू पाहिलंस की नाही कळलं नाही.

डोळ्यांपुढे चमकतं ते उन्हाने असेल. खिडकीत कमी बस.

खांदा बदलला आहे.

तुझा,
अप्पा


इस्पितळ, आलप्पुळ
सोमवार, २ जुलै

शोशाच्या अप्पांना,

मुलगी झाली. शोशा जिवंत आहे. पोट चिरून काढली. आणखी एक तास गेला असता तर दोघींतलं कुणीच मिळालं नसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी विचारलं, "इतका उशीर का?" अच्चाम्मा म्हणाली, "यादी होती." त्यांना काही समजलं नाही.

तुम्ही सगळं डोळ्यांनी पाहिलंत, पण तुमच्या आठ जणांनी पंचनामा लिहायला घेतला असेल आणि त्यात काय काय असेल ते मला माहीत आहे. म्हणून कसं झालं ते लिहिते.

काल सव्वाआठला त्यांची उपासना सुटत होती, आपली सुरू व्हायची होती. सगळं बेट चर्चच्या अंगणात. अच्चाम्मा घरातून ओरडत आली. शोशाला कळा सुरू झाल्या होत्या आणि तिला डोळ्यांनी दिसेना. आम्ही चौघींनी तिला उचलली. त्यांच्या दोघी, आपल्या दोघी. कुणी कुठली ते मी नंतर मोजलं. वारा पडला होता, तेवढीच देवाची दया.

तिला थेट होडीत आणून निजवली. होडीत पुन्नूसअच्चायन आणि त्यांचे सात. सगळे ताठ बसलेले. अच्चाम्मा म्हणाली, "उतरा, नाहीतर काहीतरी करा."

"उतरता येत नाही," ते म्हणाले. "आणि करायला वल्ही नाहीत."

त्यांनी शोशाच्या डोक्याखाली आपला पंचा सरकवला. पण बसून राहिले.

मग मी तुमच्याकडे आले. तुम्ही आठही जण वल्ही घेऊन पाण्यात शिरला होतात, कमरेपर्यंत. मला वाटलं, आता देतात. तुम्ही ओरडलात, "अगं, ठराव व्हायचाय! अकरापर्यंत थांबा!" तुमचं वल्हं माझ्या हाताला लागेल इतकं जवळ होतं. मी हात पुढे केला. तुम्ही ते मागे घेतलंत.

यापुढे मी या वाक्याबद्दल बोलणार नाही. तुम्हीही बोलू नका.

भटारखान्यात सणाच्या पंगतीची खीर ढवळायचे लाकडी डाव आहेत, माणसाच्या उंचीचे. मुन्सफांच्या कारकुनाने ते यादीत घेतले नाहीत, कारण त्या दिवशी आत कांदा चिरणं चाललं होतं आणि तो दारातूनच परत गेला. सहा डाव निघाले. आम्ही सहा जणी बसलो. एरवी दीड तासाचं पाणी, आम्हाला तीन तास लागले.

त्यांचे आठ जण तसेच बसलेले. एकीने धाकट्या चेरियानला म्हटलं, "अरे, तुझे दंड बघ, घे हा डाव." तो म्हणाला, "चेची, डाव कुठल्या आकड्यात येतो ते माहीत नाही. मी हात लावला तर त्यावरही खटला होईल." पाणी आत येऊ लागलं तेव्हा मात्र पुन्नूसअच्चायन उपसायला लागले. ओंजळीने. शेजारी नारळाची करवंटी पडली होती, ती कुणाची हे त्यांना माहीत नव्हतं. तीन तास त्यांनी ओंजळीने पाणी काढलं, आणि दर ओंजळीला शोशाच्या तोंडाकडे बघत होते.

तुम्ही बांधावरून आमच्या बरोबरीने चालत होतात, वल्ही खांद्यावर. बांध संपला तिथे तुम्ही उभे राहिलात. तुम्ही लहान होत गेलात ते मी शेवटपर्यंत पाहिलं.

टॉवेल ती आनंदाने हलवत नव्हती. ती बोलावत होती.

सहाही डाव आम्ही इस्पितळात आणले आहेत, शोशाच्या खाटेखाली. कुणी त्यांना आकडा घालायला आलं तर अच्चाम्मा दारात बसली आहे. शोशा उठेपर्यंत आम्ही इथेच. तांदूळ मडक्याच्या मागे आहेत. मीठ तुम्हाला सापडणार नाही.

रहेल


आलप्पुळचा धक्का, होडीतून
मंगळवार, ३ जुलै

अविरा यांस,

ख्रिस्ताच्या नावे सलाम.

या पत्राला परत यायचं नाही, ते एकाच दिशेने जाणार आहे. त्यामुळे उद्याच मिळेल. असं पत्र मी तुम्हाला दोन वर्षांत पहिल्यांदा लिहितो.

प्रथम नोंदीसाठी. रविवारी होडी आमच्या ताब्याबाहेर क्षणभरही गेली नाही. तुमच्या वल्ह्यांचा वापर झाला नाही, हेही मी तुमच्यातर्फे मान्य करतो. दोन्ही बाजूंनी कुठलाही भंग झालेला नाही.

आता अडचण. बायका डाव घेऊन इस्पितळात गेल्या. होडी धक्क्याला आहे आणि मी होडीत आहे. माझे सात जण उतरले. एकाला इथली बहीण आठवली, एकाला दाढ दुखल्याचं आठवलं, चेरियान "आलोच" म्हणून गेला. आता मी एकटा आहे. विश्वस्त मी, ताबा माझ्या नावाने आहे. मी उतरलो तर ही नुसती लाकडं. उतरू का असं वकिलांना विचारायचं म्हटलं, तर त्यासाठी उतरावं लागतं.

काल हवालदार आला होता.

"कुठे निघालात?"

"कुठेच नाही."

"मग उतरा."

"उतरता येत नाही."

त्याने विचारलं, "घरचं कुणी आहे का?" मी इस्पितळाकडे बोट दाखवलं. त्याला त्यावरून भलतंच वाटलं, तो एकदम मऊ बोलायला लागला.

अच्चाम्मा दोन वेळा पानात उकडलेला टॅपिओका आणि मासळी आणून ठेवते. बोलत नाही. काल फक्त एवढंच म्हणाली, "पोरीचं नाक तुमचं आहे." आणि गेली.

इस्पितळ इथून दोनशे पावलं आहे. मी मोजली नाहीत, अच्चाम्माच्या चालण्यावरून अंदाज केला. आज सकाळी नर्सबाईंनी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत मला दाखवायला नातीला वर धरलं. माझा चष्मा बेटावर राहिला आहे. काहीतरी पांढरं दिसलं. बाळ होतं की उशी, हे खात्रीने सांगता येत नाही. मी हात हलवला. ते आत गेलं. मी अजून हलवत होतो.

अविरा, रविवारी पाणी आत येत होतं आणि शोशाम्माचे डोळे उघडे होते, पण ती मला बघत नव्हती. माझ्या पायाशी करवंटी होती. मी ती उचलली नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. हे पत्र पुराव्यात दाखल करायचं असेल तर करा.

वल्ही इकडे कशी येतील, याबद्दल तुमच्या बाजूचं म्हणणं कळवावं.

पुन्नूस


मुंडक्करी बेट
शुक्रवार, ६ जुलै, सकाळी

पुन्नूसअच्चायन,

रहेलचं आणि तुमचं, दोन्ही पत्रं बुधवारी एकाच लाँचने आली. तिचं मी चार वेळा वाचलं. तुमचं दोनदा.

बाजूचं म्हणणं असं. ठराव परत चाळीस-चाळीस झाला. पुढच्या रविवारी पुन्हा आहे. मी जाणार नाही.

काल मी नमुन्यादाखल माझं वल्हं टपाल कचेरीत नेलं. पोस्टमास्तरांनी पट्टी लावून पाहिली. साडेतीन फुटांपेक्षा लांब पार्सल घेत नाहीत. म्हणाले, "तीन तीन तुकडे केलेत तर जातील." त्यांनी ते मनापासून सांगितलं. मला हसू आलं. मग थांबवता येईना. त्यांनी मला पाणी दिलं आणि बाकावर बसवलं.

आज वारा नाही. पाच्चू त्याच्या लहान होडीतून मला आणतो आहे. मी त्याला म्हटलं, "तू निःपक्ष आहेस, तुला चालेल ना?" तो म्हणाला, "अच्चायन, बसा, आणि हलू नका, आणि बोलू नका." उतारावर आमच्या सात जणांनी विचारलं, "ठराव कुठे आहे?" मी म्हटलं, खिशात. खिशात तुमचं पत्र होतं. त्यांनी वल्ही माझ्याकडे दिली. खांदे मोकळे झाल्यावर कसं उभं राहावं हे त्यांना कळेना. अजून तिथेच आहेत.

तुमच्या घरात शिरलो. कडी नव्हती. चष्मा पडवीतल्या फळीवर होता, तो घेतला आहे. तुमच्या कोंबड्यांना दाणे टाकले. एक खुडूक बसली आहे, तिला उठवलं नाही.

रविवारी रहेलने हात पुढे केला आणि मी वल्हं मागे घेतलं. त्याला कुठलाच ठराव नव्हता. वकिलांचं पत्रही नव्हतं. ते मीच केलं. तिने त्याबद्दल बोलू नका म्हणून लिहिलं आहे, म्हणून तुम्हाला सांगतो.

हे पत्र मी लाँचवर देतो आहे. लाँच आमच्या पुढे जाईल, म्हणजे पत्र तुम्हाला तासभर आधी मिळेल. वाचून झालं की पाण्याकडे बघा. लहान होडी दिसेल, दोन्ही कडांच्या बाहेर वल्ही आलेली. ओळखायला चष्मा लागणार नाही.

मला हात देऊन वर घ्या, माझा गुडघा वळत नाही. मग तुम्ही उतरा. होडीत मी बसतो. कुणी विचारलं तर पुन्नूसअच्चायनच्या वतीने बसलो आहे असं सांगेन. ताबा तुमचाच राहील. हवालदार आला तर त्यालाही हेच सांगेन.

आधी हात धुवा, नाहीतर नर्स जवळ येऊ देत नाहीत. डोकं खालून धरायचं. घाई करू नका, नीट बघा. तुम्ही परत आलात की मी जाईन.

अविरा